सूर्य समोर होता

१७ डिसेंबर १९५४. बोटीवर

सूर्य पाठीशी हवा म्हणे! सकाळपासून हेच ऐकतेय. कमळाकरभावजी आमच्या ह्यांचे आतेभाऊ, सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारमध्ये त्यांचा फोटो स्टुडिओ, म्हणून काय समुद्रही त्यांच्याच मालकीचा झाला? कॅमेरा माझा आहे. साधा पेटी कॅमेरा, पण ह्यांनी हौसेने मला घेऊन दिलाय. "वहिनी, फिल्म फुकट घालवू नका. रोलमध्ये आठच निघतात." जसं काही मला आठ मोजता येत नाहीत.

गुहागरला चाललोय, माईंच्या माहेरच्या देवाला. आम्ही दोघं, माझी आई, भावजी आणि त्यांचे आईवडील, म्हणजे माई आणि तात्या. माईंना बोट लागली, त्या आडव्या झाल्यात. तात्या मात्र ट्रंकेवर बसून एका हाताने टोपी दाबून धरून लहान मुलासारखे हसत होते. मागे नुसतं पाणी. काढला फोटो. "अगं, माझा कशाला? मी दुसऱ्यांचे चेहरे नीट करणारा माणूस," म्हणाले. शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी संपल्यापासून स्टुडिओचं फिनिशिंग कुळगावच्या घरी बसून तेच करतात. सुरकुत्या पुसायच्या, डाग काढायचे, रंग भरायचे. आणि स्वतःचा एक फोटो नाही घरात. फोटोग्राफरचा बाप!

१९ डिसेंबर. गुहागर

काल होडीतून उतरताना आईची दोन्ही लुगडी भिजली. कोरडं उरलं ते एकच — अंथरायला म्हणून ट्रंकेच्या तळाशी टाकलेलं जुनं अंजिरी लुगडं. बाबा होते तेव्हाचं. बाबा गेल्यापासून रंगीत काही तिच्या अंगाला लागलेलं नाही. "हे कसं नेसू गं, लोक काय म्हणतील." मी म्हटलं, इथे कोण लोक आहेत? माई डोकं धरून खोलीवर पडल्यात. हे आणि भावजी पुरुष माणसं, त्यांना लुगडी कुठे दिसतात! शेवटी नेसली. आणि काय दिसली! मी नुसती बघत राहिले. तिला ते कळलं, तर लाजली.

संध्याकाळी माई सोडून सगळे किनाऱ्यावर. समुद्र मागे हटलेला, वाळू ओली, आरशासारखी. सूर्य ढगाआड, पण सगळा उजेड वाळूतूनच वर येत होता. आई पाण्याकडे चालत गेली. मागे पावलं उमटत होती. ती फोटो काढू देत नाही. म्हणते, फोटो काढला की माणूस आयुष्यातून वजा होतो. म्हणून लांबूनच धरला कॅमेरा. पाण्याशी पोचली आणि मागे वळून म्हणाली, "उमे, पुरे गं आता." तेवढ्यात दाबलं.

भावजी मागून ओरडले, "सूर्य समोर आहे! गेला फुकट." तात्या वाळूत बसून बघत होते.

४ जानेवारी १९५५. अंबरनाथ

भावजी फोटो आणि निगेटिव्ह घेऊन आले. सातच. समुद्र, माड, देऊळ, तात्या बोटीवर. तात्यांचा फार गोड आलाय.

आईचा? "तो फुकट गेला वहिनी. सूर्य समोर होता. सांगितलं होतं ना?" मग निगेटिव्ह तरी? "काळी ठिक्कर झाली होती, टाकली." आणि वर हसले. आईलाच बरं वाटलं. म्हणाली, सुटले बाई.

९ फेब्रुवारी

आई गेली.

२४ फेब्रुवारी

चुलतभावाने सगळं केलं. माणसं परत गेली. मधल्या खोलीत ह्यांनी खिळा ठोकून दिलाय. खिळ्यावर लावायला काही नाही. ट्रंका, डबे, पोथ्यांची पानं, सगळं शोधलं. लग्नातल्या फोटोत आहे, पण समोरच्या कोणाच्या तरी पगडीआड. नुसता एक कान दिसतो. कान कसा लावणार भिंतीवर?

तो एक फोटो आला असता तर! सारखं तेच मनात येतं. माझंच चुकलं. सूर्य समोर होता.

१७ एप्रिल

आज सगळं लिहिणार.

ठाण्याला हौशी फोटोग्राफरांचं प्रदर्शन. भावजींचा पहिला नंबर म्हणून आम्हाला मुद्दाम नेलं. माई, तात्या आले नव्हते. तात्यांना डोळ्यांचा त्रास होतोय म्हणे. समोरच्या भिंतीवर मधोमध मोठा फोटो. खाली सुवाच्य अक्षरात — 'सांजवेळ. छाया: कमळाकर विष्णू गद्रे.' माझा समुद्र. माझा ढग. आरशासारखी वाळू, आणि उजवीकडे ती मोडकी होडी, जिच्यावर मी माझ्या चपला काढून ठेवल्या होत्या. चपला आहेत!

आणि आई नाही.

वाळूतून पावलं जातात, पाण्याशी पोचतात आणि संपतात. पुढे कोणी नाही. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ लोकांना सांगत होते, ह्या फोटोतली मौज ह्या पावलांत आहे, माणूस नाही आणि तरी आहे. भावजी मान खाली घालून हसत होते. विनयाने! मी मागे उभी. त्यांच्या हातातला चांदीचा कप घेऊन त्यांच्याच टाळक्यात घालावा असं वाटलं. घातला नाही. घालायला हवा होता.

फुकट गेला म्हणाले होते. मी दोन महिने स्वतःला दोष देत रडले. त्या प्रत्येक दिवसाचा हिशोब मी ह्या माणसाकडून घेणार आहे.

१८ एप्रिल

ह्यांना सांगितलं. आधी म्हणाले, समुद्र काय, सगळीकडे सारखाच. चपलांचं सांगितल्यावर हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "घरातली गोष्ट आहे उमा. आत्याला काय वाटेल? फोटोच तर आहे." फोटोच तर आहे. ह्यांची आई भिंतीवर हार घालून बसलीय म्हणून ह्यांना असं बोलता येतं.

प्रदर्शनवाल्यांना पत्र लिहायला बसले होते. फाडून टाकलं. काय होईल? कप परत जाईल. आई थोडीच परत येणार? मला त्यांचा कप नको. त्यांची अशी वस्तू हवी, जी गेली की परत आणता येणार नाही.

१ मे

भावजी जेवायला आले. त्यांच्या वाटीतल्या आमटीत मूठभर मीठ घातलं. मुकाट्याने ओरपली. "वहिनींच्या हाताला चव आहे," म्हणाले. खुनशीपणाही नीट जमत नाही मला.

११ मे

जमेल. आज वाट सापडली.

स्टुडिओत बाई माणूस नाही म्हणून कॅम्पातल्या बायका आत यायला बिचकतात, असं भावजी ह्यांच्यापाशी कुरकुरत होते. मी म्हटलं, मी येत जाईन दुपारची. घरात आईवाचून करमत नाही. भावजींना केवढा आनंद! "वहिनी, तुम्हाला सगळं काम शिकवतो." शिकवा. निगेटिव्ह टाकली नाही हे तर उघड आहे. तिथेच कुठेतरी असणार.

७ जून

काळोख्या खोलीत लाल दिवा, तीन ट्रे. पहिल्यात कोऱ्या कागदावर माणूस उगवतो. मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. राग येतो त्याचा.

भावजी तिसऱ्या ट्रेपाशी उभं करून रोज तेच सांगतात — "हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या ह्या पाण्यात, पुरता वेळ ठेवायचा, आणि मग वाहत्या पाण्याखाली धुवायचा. आळस केलात तर आज फोटो फक्कड दिसतो आणि चार महिन्यांत गिऱ्हाईक परत येतं. चेहरा पिवळा पडून उडालेला असतो." मी मान डोलावली. नीट ऐकून ठेवलंय.

२३ जून

सापडली.

वरच्या फळीवर डब्यात, पातळ कागदात. उजेडात धरली. आई होती तिथे नखाएवढी जागा आधी ब्लेडने खरवडलीय आणि मग वरून पेन्सिलीने समुद्र भरलाय. बुजवलंय तिला. खड्डा बुजवावा तसं. बोट फिरवलं तर कळतं, एरवी डोळ्याला काही दिसत नाही.

भावजी आत आले. माझ्या हातात बघून घाबरतील असं वाटलं. त्यांना वाटलं मी कौतुकाने बघतेय! "हे काम तात्यांचं. मी म्हटलं मधे एक ठिपका नडतोय, काढून द्या. बघा, कुठे ओरखडा दिसतो का?" ठिपका. ती माझी आई होती हे भावजींना आठवतही नाही. किंवा आठवतंय, आणि मला आठवत नसेल असं वाटतंय. कुठलं जास्त वाईट, ठरवता येईना.

आणि तात्या! ते तर तिथे बसले होते. त्यांनी तिला डोळ्यांनी पाहिली होती. तेराव्याला जेवून गेले आमच्याकडे. आणि ह्याच हातांनी ब्लेड धरलं.

आजवर एकावरच दात होता. आता दोघांवर.

८ जुलै

शेजारच्या कापडदुकानवाल्या पेसूमलची म्हातारी आई आली होती. कनवटीतून नवऱ्याचा फोटो काढला. आठजणांच्या घोळक्यात मागच्या रांगेत, चेहरा जोंधळ्याच्या दाण्याएवढा. तो तिकडे सिंधमध्येच वारला. "बेटी, इसको बड़ा कर दो. मुँह साफ आना चाहिए. पाग का रंग मैं बताऊँगी." मी म्हटलं, एवढ्याशातून काय येणार?

पण तात्यांनी केला. आठवडाभर कुळगावला भिंग लावून बसले. स्वतः टांग्याने इथवर येऊन तिला पागोट्याचा रंग विचारून गेले, अंगरख्याचा विचारून गेले, दाढीत पांढरं किती होतं तेही. आज म्हातारी न्यायला आली. फोटो हातात घेतला आणि जमिनीवरच बसली. "साईं, यही है. यही है." पेसूमलने डोळ्यांना धोतर लावलं. तात्यांच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं, ते मोतीबिंदूचं का कसलं कोण जाणे.

मी आत जाऊन ट्रे घासत बसले. लोकांचे नवरे दाण्यातून उभे करतो हा माणूस, आणि माझी उभी असलेली आई बुजवतो!

१८ ऑगस्ट

अधिक महिना लागला. जावयाला अनारशाचं वाण द्यायला सासू नाही. ह्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. वर्षश्राद्धही महिन्याने लांबलं.

२० सप्टेंबर

कुळगावला गणपतीला गेलो होतो. माईंनी मोदकांना बसवलं. काम उरकून मागच्या पडवीत गेले. तात्या एकटेच बसले होते, ब्रश धूत. आता नाही तर कधीच नाही, असं ठरवून विचारलं.

"तात्या, त्या समुद्राच्या फोटोत एक बाई होती."

त्यांनी हातातला ब्रश वाटीच्या कडेला टेकवला. मग म्हणाले, "होती."

"मग?"

"थोडी कळ काढ, उमा. वर्षश्राद्ध होऊ दे." मग दाराकडे बघून हळूच — "आईचं ते अंजिरी लुगडं... काठ कसला होता गं? हिरवा का जांभळा? माझ्या डोळ्यांत नीट बसला नव्हता."

मला वाटलं मी आता किंचाळणार. माझी आई पुसून टाकली आणि लुगड्याचा काठ विचारतो! कळ काढ म्हणे. म्हणजे वर्षभरात विसरशील, असंच ना? ते लुगडं माझ्या ट्रंकेत आहे. काठाचा धागा न् धागा मला पाठ आहे. मी म्हटलं, "आठवत नाही."

"बघ आठवून. नंतर सांग," म्हणाले. तेवढ्यात भावजी आरतीला बोलवायला आले आणि तात्यांनी तोंड मिटलं. मी आरतीत टाळ्या वाजवल्या. हात लाल झाले.

२५ नोव्हेंबर

काल दुपारी तात्या गेले. जेवून लवंडले, ते उठले नाहीत. ह्यांच्याबरोबर कुळगावला जाऊन आले. माई रडत नाहीत, नुसत्या त्यांच्या चष्म्याची काडी उघडतात, मिटतात. मला वाईट वाटलं, माईंसाठी. तात्यांसाठी वाटायला हवं होतं. नाही वाटलं. खोटं इथे तरी कशाला लिहू.

२८ नोव्हेंबर

देव आहे!

कुळगावला पिठलंभात घेऊन गेले होते. भावजी ओसरीवर घोंगडीवर बसलेले, डोकं भादरलेलं. मला बघून एकदम हुंदका आला त्यांना. "वहिनी, मी हजारो लोकांचे फोटो काढले. तात्यांचा एक नाही काढला. कायम वाटायचं, घरातलेच आहेत, कधीही काढू. तुमचा तो बोटीवरचा... त्याची निगेटिव्ह आहे ना तुमच्याकडे?"

आहे म्हटलं.

"मला सुतक. घराबाहेर पडता येत नाही, स्टुडिओ बंद. बाहेर कोणाला द्यायची माझी छाती नाही, हरवली तर? ही किल्ली घ्या. तुम्हीच मोठा करा. तुमचा हात आता तयार झालाय. तेराव्याला भिंतीवर लागला पाहिजे." किल्ली जमिनीवर ठेवली, मी उचलली. माईंनी आतून हाक मारली, "उमा, टोपी नीट येऊ दे हो त्यांची."

घरी येईपर्यंत किल्ली मुठीत धरून होते. हिशोब मिटवायला भावजींनी स्वतःच दार उघडून दिलं.

२ डिसेंबर

केलं.

दुपारभर एकटी होते. तात्या ट्रेमध्ये उगवले — आधी टोपी, मग हात, मग ते हसू. इतका सुरेख फोटो मी आजवर काढला नव्हता. भावजींनी शिकवलेलं सगळं वापरलं. हनुवटीवर सावली जरा जड येत होती, तर हाताने उजेड अडवून ती सौम्य केली. कसूर नको. भिंतीवर लागेल त्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली पाहिजे.

मग तिसरा ट्रे. कोपऱ्यातल्या बरणीतला मेलेला हायपो, जो भावजी ओतून द्यायला सांगून गेले होते, तोच. त्यात फोटो नुसता बुचकळला. पाण्यातून एकदा काढला. वाळवला.

निगेटिव्ह घरी आणली. अल्बममधला छोटा फोटोही उचकटला. दोन्ही बंबात टाकले. निगेटिव्ह वेटोळं होत होत गेली. त्याच पाण्याने न्हाले.

तू बुजवलीस एका दिवसात. मी घाई करणार नाही तात्या. तू सावकाश जा, तुझ्या मुलाच्या डोळ्यांदेखत.

७ डिसेंबर

तेरावा झाला. फोटो लागला. माईंनी पुढे होऊन काचेवरून हात फिरवला. "आत्ता बोलतील असं वाटतंय." सगळे हेच म्हणाले. भावजींनी वाकून मला नमस्कार केला. मीही डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांना वाटलं, रडतेय.

१५ जानेवारी १९५६

काल संक्रांत. हे म्हणाले, माई एकट्या असतात, जाऊन ये. मी कशाला नाही म्हणेन? भिंत बघायचीच होती.

कडेने पिवळं धरलंय. टोपीचा पांढरा रंग आता तुपकट झालाय, आणि गालावर एक तपकिरी डाग. माई म्हणाल्या, "ह्या भिंतीला ओल आहे बहुतेक. चिंतामणीला सांग, खिळा दुसऱ्या भिंतीला ठोकून देईल." ह्यांनी आज जाऊन ठोकलाही. ओल! मी काल परत येताना स्टेशनवर पेरू घेतले आणि मिटक्या मारत खाल्ले.

२ फेब्रुवारी

आज भावजी आले. बसले नाहीत. दारातच उभे.

"वहिनी, तात्यांचा फोटो उडतोय. डोळे गेले. हायपो जुना होता का?"

"असेल."

"मी कॉपी घेऊन पाहिली. त्यात डागच जास्त येतात, माणूस येत नाही. निगेटिव्ह द्या. दुसरा काढतो."

वर्षभर हेच वाक्य तोंडात घोळवत होते मी. म्हटलं, "फुकट गेली भावजी. सूर्य समोर होता."

त्यांना आधी कळलंच नाही. "बोटीवर सूर्य समोर कुठे..." आणि मग थांबले. माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून रंग उतरताना मी पाहिला, सगळा पाहिला. मी डोळे खाली केले नाहीत. मग ते जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरून गेले.

३ फेब्रुवारी

कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. ह्यांनी हलवून उठवलं, कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता.

१९ फेब्रुवारी

माझ्याकडची स्टुडिओची किल्ली पेसूमलकडे देऊन आले. स्टुडिओ बंदच आहे. त्याची आई ओट्यावर बसली होती, नवऱ्याचा फोटो तिच्या मागे दुकानात, मधोमध, उदबत्ती लावलेला. "मास्टरजी बड़े आदमी थे, बेटी." मी हो म्हटलं आणि टांग्यात बसले.

२८ फेब्रुवारी

आईचं वर्षश्राद्ध.

भटजी यायच्या आधीच माई दारात. कुळगावहून एकट्या आल्या. काखेत धुतलेल्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. "ह्यांनी बजावून ठेवलं होतं, वर्षश्राद्धाच्या दिवशीच द्यायचं. दिवाळीपर्यंत डोळे फोडून करत होते. कमळाकरला दाखवायचं नाही म्हणाले. त्याने ठिपका काढायला सांगितला, तर ह्यांनी निगेटिव्हची दुसरी प्रत बनवली आणि त्या प्रतीवर ब्लेड चालवलं. पोराला कप हवा होता म्हणून गप्प बसले, पण माणूस बुजवायला हात धजेना, म्हणाले."

मी गाठ सोडली. आई. हातभर मोठी. वळून बघतेय, पुरे गं आता म्हणताना होतं तसं तोंड. कपाळावरची आठी, कानापाशी सुटलेली बट. अंगावर अंजिरी लुगडं, अगदी त्याच अंजिरी रंगाचं. मागे पातळ कागदात अस्सल निगेटिव्ह, आई जागच्या जागी.

माई म्हणाल्या, "आमचा तर उडालाच गं, आता नुसती टोपी राहिलीय. तू तरी हा जप." आणि मग बोट ठेवून, "एवढं मात्र राहिलं बघ. म्हणत होते, उमा सांगणार आहे, मग भरतो."

लुगड्याचा काठ पांढरा आहे. कोरा.

ट्रंकेतून लुगडं काढून समोर धरून बसलेय. भटजी खोळंबलेत, हे हाका मारतायत.

हिरवा होता, तात्या.